‘स्क्वॉल’ची व्युत्पत्ती आणि उतू गेलेले दूध

ती. दादांस,

गुडघा धड असता तर साष्टांग घातला असता. तूर्त खुर्चीतूनच वाकून केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमचा खोकला, वहिनींची कंबर आणि गच्चीवरची टाकी यांची दुरुस्ती झाली असेल अशी आशा आहे. (तिघांना एकच क्रियापद लावले म्हणून वहिनींनी रागावू नये, आम्हा कोशवाल्यांना जागा वाचवायची खोड असते.) तुमची बहीण तिकडे सुखरूप पोचली असेलच. तिच्याविषयी मी मुद्दामच काही विचारत नाही. हे पत्र निव्वळ शास्त्रीय कामासाठी आहे. तुम्ही अर्धा जन्म जहाजावर काढलात, तेव्हा एका इंग्रजी शब्दाबाबत तुमच्याइतका अधिकारी माणूस आपल्या नात्यागोत्यात दुसरा नाही. शब्द आहे ‘स्क्वॉल’.

इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे काम मी घरी बसून करतो आणि माझ्या वाट्याला ‘एस’ हे अक्षर आले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (‘झेड’ ज्याच्या पदरात पडले तो गृहस्थ केव्हाच मोकळा होऊन गुलाबांना खत घालतो आहे.) तर स्क्वॉल म्हणजे वाऱ्याचा एकाएकी उठलेला जबर तडाखा. सोबत बहुतेक वेळा पाऊस नाहीतर बर्फ. येतो, धिंगाणा घालतो आणि थोड्याच मिनिटांत जणू काही झालेच नाही अशा चेहऱ्याने निघून जातो. साधा झोत टोपी उडवून थांबतो. स्क्वॉल टोपी धरायला धावलेल्यालाही सोडत नाही. शब्दाचा दुसरा अर्थ, तान्ह्या मुलाने बेंबीच्या देठापासून काढलेली किंकाळी. आता उगम बघायला जावे, तर मोठमोठ्या कोशकारांनी ‘बहुधा’ म्हणून हात झटकलेले. वारा बहुधा उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या, पाणी भसाभस ओतण्याच्या शब्दावरून आलेला. किंकाळी बहुधा नुसत्या आवाजावरून. दोघे सख्खे भाऊ की नुसते आडनावबंधू, हे छातीवर हात ठेवून सांगायला कोणी तयार नाही. (त्यांनी ‘बहुधा’ म्हटले की विद्वत्ता, मी म्हटले की आळस.)

इथवर सगळे ठीक होते. पण आमच्या प्रकाशकाचा दंडक असा की प्रत्येक अर्थापुढे उदाहरणाचे एक वाक्य हवे, आणि ते उसने नको, घरगुती हवे. म्हणून मी लिहिले : ‘दूध उतू गेले की आमच्या घरात अचानक स्क्वॉल येतो, अशा वेळी शहाण्याने पेपरामागे आसरा घ्यावा.’ वाक्य काही वाईट नव्हते, दादा. वाईट एवढेच की आमच्याकडे मुद्रिते तपासायला दोन माणसे लागतात. एकाने हस्तलिखित विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने छापील पानावर बोट फिरवायचे. बोट माझे असते. आवाज, लग्न झाल्यापासून, तुमच्या बहिणीचा. तिने ते वाक्य ‘स्पंज’ आणि ‘स्पून’ वाचले होते त्याच सुरात वाचले. “पेपरामागे आसरा घ्यावा पूर्णविराम,” म्हणाली आणि थांबली. मला वाटले, घसा कोरडा पडला असेल.

“ह्यात एक चूक आहे,” ती म्हणाली.

“कुठे? वेलांटी?”

“‘अचानक’ चुकलंय.”

मग तिने साक्षीपुरावा मांडला. दूध उतू गेले त्या सकाळी आंघोळीला जाताना ती म्हणाली होती, दूध ठेवलंय, लक्ष द्या. मी ‘हो’ म्हणालो होतो. आतून ओरडली होती, बघताय ना? मी ‘हो’ म्हणालो होतो. तिसऱ्या वेळी तिने दार आतून वाजवले होते, आणि त्यालाही मी ‘हो’ म्हणालो होतो म्हणे. “तीनदा वर्दी देऊन येतं त्याला अचानक म्हणतात होय?” ती म्हणाली. “समुद्रावरसुद्धा आधी पाण्यावर काळी रेघ दिसते. दादा सांगतो. बघणाऱ्याला दिसते.” मी विषय विद्वत्तेकडे वळवावा म्हणून उगमाचा मुद्दा काढला, तर म्हणाली, “उगम शोधायला उत्तरेच्या समुद्रात कशाला जाताय? खुर्चीतून उठला असतात तर वाटेतच ओटा होता.”

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी म्हणालो की व्याख्या ज्याला तडाखा बसतो त्याच्या बाजूने करायची असते, आणि मला तो दरवेळी अचानकच वाटतो. “तेच तर,” एवढे बोलून तिने कागदांवर पेपरवेट ठेवले. तिसऱ्या दिवशी ती बॅग भरून तुमच्याकडे आली. (मी वाद जिंकलो की हरलो, हे मला अजून कळलेले नाही.)

आता आवाजावाचून बोट काय करणार? खालच्या मजल्यावरचे निवृत्त नट आपण होऊन वाचायला आले. विरामचिन्हे उच्चारणे हा कलेचा अपमान आहे असे त्यांचे मत पडले, त्यामुळे स्वल्पविराम रामभरोसे राहिले. ‘स्क्वॉल’च्या दुसऱ्या अर्थापाशी पोचल्यावर ते नुसते वाचून थांबले नाहीत, उभे राहिले, कोटाची बटणे सोडली आणि किंकाळी करून दाखवली. समोरच्या घरात राहणारी परिचारिका अनवाणी धावत आली. तिच्या मागून अर्धा जिना आला. बाळ कुठे आहे असे जो तो मलाच विचारू लागला, आणि नटमहाशय खिडकीशी उभे राहून नम्रपणे वाकत होते. त्या गडबडीत ‘स्टार’पुढे ‘स्टोव्ह’चा अर्थ छापून जाता जाता राहिला.

तर शास्त्रीय प्रश्न असा : स्क्वॉल येण्याआधी पाण्यावर खरोखर रेघ दिसते काय? तुमचा होकार आल्यास मी ‘अचानक’ हा शब्द त्या वाक्यातून खोडीन. (तुमच्या घरी आलेले पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचतात. हे वाक्य सावकाश वाचावे, जमल्यास दोनदा.)

आपला,
‘एस’ने गांजलेला मेहुणा

ता. क. : प्रकाशक पानांसाठी रोज तगादा लावतो आहे. तेवढ्यासाठी कोणी परत यावे असे माझे म्हणणे नाही. नट आहेतच.

आणखी एक ता. क. : इथून पुढचे कृपा करून मनातल्या मनात वाचा. फोन केला असता, पण तुमच्याकडे तो तीच उचलेल. दादा, ती रागावून आली आहे की नुसतीच चार दिवस राहायला आली आहे? निघताना ती दारात उभी राहून पुष्कळ वेळ बोलत होती. त्यात बहुधा कशासाठी जाते आणि कधी येते, हे सगळे होते. मी ‘स्क्वॉन्डर’वर, म्हणजे ‘उधळणे’वर, होतो. शेवटचे “कळलं ना?” तेवढे स्वच्छ ऐकू आले, आणि मी “कळलं” म्हणालो. काय कळले, ते तिच्याकडून हळूच काढून घेऊन उलट टपाली कळवा.