पुढून केरसुणी, मागून सूप, मधे जातं

मस्तगड, जालना
भाद्रपद वद्य पंचमी, १९९८

तीर्थरूप आबामामा,

इंद्रायणीचा तुम्हाला आणि उषामामींना वाकून नमस्कार. इथे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण बाबांना आठ दिवसांपासून खोकला आहे आणि आई माझ्यावर रागावलेली आहे, तेव्हा ‘सगळे’ म्हणता येणार नाही. खुशाल मी एकटीच आहे, आणि इतकी की दोन दिवस मला जेवण सुचत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा शेक बंद करू नका. मागच्या पत्रात गुडघ्याबद्दल विचारायचं माझ्याकडून राहिलं होतं, त्याची चुटपुट तीन आठवडे लागून होती. आता विचारलं, आता बरं वाटलं.

तुम्ही विचारलंत की तुमच्या धावड्यापर्यंत आलेली बातमी खरी आहे का, म्हणजे बद्रीनाथरावांची पोरगी लोकांनी टाकलेली झाडायची मशीनं घरात गोळा करते, ही. मामा, खरी आहे. मशीनं आठ आहेत. (मध्यंतरी नऊ झाली होती. त्या नवव्याचं पुढे येईल, ते वाचताना मन घट्ट करावं.) दादांनी, म्हणजे आजोबांनी, मला पाचवीपर्यंत शाळेत न घालता घरीच शिकवलं. त्यांचा एक नियम होता की पाहिलेलं आणि ऐकलेलं एका दमात लिहायचं नाही. म्हणून या पत्रात जे ऐकलेलं आहे तिथे कंसात तसं लिहिते. बाकीचं डोळ्यांनी पाहिलेलं समजावं.

सुरुवात अशी झाली. चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत टाय लावलेली दोन माणसं दारोदार आली. ते गादीवरून मशीन फिरवायचे, मग आतला पांढरा रुमाल काढून त्यावरची धूळ घरच्या बाईला शेजारणींच्या देखत दाखवायचे. एवढी शोभा झाल्यावर नको म्हणायची कुणाची छाती होणार? सोळा घरांत अकरा मशीनं खपली. महिन्याभरात आतल्या कागदी पिशव्या भरल्या. नव्या पिशव्या जालन्यात मिळेनात, औरंगाबादला मिळतात म्हणे (ऐकलेलं), पण धुळीच्या पिशवीसाठी औरंगाबादला कोण जातं? मशीनं माळ्यावर गेली, माळ्यावरून अंगणात आणि अंगणातून कचराकुंडीशी. पहिलं मी तिथूनच उचललं. बाबांच्या दुकानात पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग मी लहानपणापासून बघत आणि करत आले आहे, त्यामुळे उघडून पाहायला भीती वाटली नाही. त्याला झालं काहीच नव्हतं. मी मांजरपाटाची पिशवी शिवून आत बसवली आणि ते चालू झालं. मामा, चालणारी वस्तू लोकांनी टाकली, हे मला रात्रभर नीट समजेना.

मग माझ्या लक्षात आलं की नव्यांच्या मागोमाग माळ्यांवरून जुनीही निघत आहेत. बदली झालेल्या बँकेच्या साहेबांनी मागे सोडलेलं एक, जिनिंगच्या मुनीमजींकडचं पितळी कड्यांचं एक. जुन्यांवर माझा जीव आहे आणि त्याचं कारण स्क्रू हे आहे. जुन्या मशीनला स्क्रू असतात, ते उघडतात, आत कागदावर आकृतीसुद्धा चिकटवलेली असते, म्हणजे बनवणाऱ्याला वाटत होतं की पुढे कुणीतरी दुरुस्त करील. अगदी नव्याला स्क्रूच नाहीत, टोपण डिंकाने बसवलेलं. बिघडल्यावर आत कुणी डोकावायचंच नाही हे बनवतानाच ठरवलेलं. (कुणी ठरवलं ते मला माहीत नाही, म्हणून नाव घेत नाही.) आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “लोकाच्या पोरी भांडे जमवू राह्यल्या, अन् ही झाडू जमवू राह्यली. अन् तेबी दुसऱ्याचे.”

आता नववं. ते पलीकडच्या कांताबाईंचं. गेल्या वर्षी त्यांनी मला आपण होऊन दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे पुसत परत मागायला आल्या. केरसुणी म्हणजे लक्ष्मी, आपली केरसुणी दुसऱ्याला दिली की घरातली लक्ष्मी निघून जाते, आणि रात्रीतून त्यांचं दूध नासलं होतं, नातू पायरीवरून पडला होता. मी म्हटलं हे मशीन आहे. त्या म्हणाल्या झाडतं ना? मी ते दुरुस्त करून, पुसून परत केलं. आणि मामा, पुढच्याच आठवड्यात, दिवाळीच्या तोंडावर, मंगल कार्यालयात ‘जुनं द्या नवं घ्या’ असा मेळा भरला आणि कांताबाई तेच मशीन डोक्यावर घेऊन रांगेत. मी विचारलं, मावशी, आता लक्ष्मी जात नाही का? तर म्हणाल्या, ही बदली आहे, देणं नव्हे, बदलीला दोष न्हाई. तिथला माणूस जुनं मशीन हातात घ्यायचा, बाहेर न्यायचा आणि जुना माल पुन्हा बाजारात येऊ नये म्हणून लोकांसमोर घणाने फोडायचा. मी आदल्याच रविवारी भरलेलं वाइंडिंग होतं ते. तांब्याची तार नवी होती, चमकत होती. मी घरी येऊन आंघोळ केली.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. मशीन घेण्याआधी देणाऱ्याला विचारायचं, की केरसुणी दुसऱ्याला देत नाहीत असं मानतात, तुम्हाला चालेल ना? (आई म्हणते, असं विचारणारीला जगात काही मिळायचं नाही. खरं आहे. या नियमामुळे माझी पाच मशीनं हुकली.)

आता मूळ गोष्ट. परवा बाबा वाटूरला एका शेतकऱ्याची मोटार पोचवायला निघाले, आणि त्यांना खोकला म्हणून मी सोबत गेले. फाट्यावर उतरलो. गावात शिरताना एका खळ्यावरून असा आवाज आला की मी बाबांचा हात धरला. मला तो आवाज ओळखता येतो. मुगाची रास पडली होती आणि पंचाहत्तरीच्या एक आजी हिरव्या रंगाचं लोखंडी नळकांडं पुढ्यात घेऊन, त्याची नळी मुगावर धरून, वाऱ्याने फोलपट उडवत होत्या. मामा, ते झाडायचं मशीन होतं. खाली सरकायला दोन पट्ट्या, वर कातडी मूठ. मी आजवर असं फक्त बाबांच्या एका जुन्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं.

आजींचं नाव गोपिकाबाई. त्यांचे यजमान रामराव यांनी हे मशीन हैदराबादला एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलं, वाटूरच्या घरात वीज येण्याच्या आठ वर्षं आधी. आठ वर्षं ते देवघराशेजारी झाकून ठेवलं होतं, दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहत. वीज आल्यावर मागच्या तोंडातून वारा येतो एवढं रामरावांना कळलं आणि तेव्हापासून त्यावर मूग, उडीद, ज्वारी सगळं उपणतात. (हा सगळा मजकूर ऐकलेला, पण आजींच्या तोंडून, आणि त्या खोटं बोलत असतील असं वाटत नाही.) तीस वर्षांत त्याने एकदाही केर काढलेला नाही. आजींचे थोरले चिरंजीव रखमाजी म्हणाले, पुढचं तोंड पहिल्यापासून बंदच आहे, मागूनच चालतं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण एका चांगल्या मशीनबद्दल चुकीची समजूत माझ्या देखत चालू राहावी हे मला पटेना. मी म्हटलं पुढचंही चालतं, दाखवते. नळी पुढे लावली आणि थोडंसं फोलपट ओढून दाखवावं म्हणून राशीजवळ नेली. आतली कापडी पिशवी केव्हाच कुजून गेली असणार हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. (आलं नाही. ही चूक माझी.) मशीनने सुमारे पायलीभर मूग एका घोटात आत घेतला, आत अडवायला काही नाही, आणि तो मागच्या तोंडातून गोफणीसारखा सुटला. मागे रखमाजीमामा बशीत चहा ओतून उभे होते. बशी गेली, टोपी गेली, आणि बोलायला उघडलेल्या तोंडात मूग गेला. मी बटण शोधेपर्यंत बाबा खोकायचं विसरले होते.

सगळे शांत झाल्यावर आजी वाकून खाली पडलेलं वेचायला लागल्या आणि थांबल्या. आतल्या पंख्याने मूग अर्धा अर्धा फुटून त्याची डाळ झाली होती. आजींनी ती तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली. रखमाजीमामांनी टोपी झटकली आणि म्हणाले, “माय, हे आत्ताच्या आत्ता हिला देऊन टाक.”

मामा, एक शब्द न बोलता मी ते उचलून फाट्याकडे चालू लागले असते, तर आज ते माझ्या खोलीत असतं. पण नियम म्हणजे नियम. मी आजींना विचारलंच. आजी मशीनसमोर बसल्या. त्यांनी ते या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

“पुढून केरसुणी, मागून सूप, अन् मधी जातं,” त्या म्हणाल्या. “तिन्ही लक्ष्म्याच की गं ह्या. परक्याच्या घरी कशा धाडू?”

“धाडू नको,” रखमाजीमामा म्हणाले. “मेळ्यात नेऊन बदली करू. मिक्सर येईल. बदलीला दोष न्हाई.” (कांताबाईंचा शोध वाटूरपर्यंत पोचला आहे.)

तेव्हा मी घणाचं सांगितलं. मेळा यंदाही दिवाळीपर्यंत आहे, तिथे काय करतात, तार कशी चमकत होती, सगळं. सांगताना माझा आवाज बिघडला, त्याची मला लाज वाटते. आजींनी पदराने मशीनवरचं फोलपट पुसलं.

“लेकीच्या आंदणात गेली तर लक्ष्मी घरातून गेली असं धरत न्हाईत,” आजी म्हणाल्या. “मला लेक न्हाई. तू व्हतीस का?”

मी आईबाबांना न विचारता “होते” म्हणून बसले.

“मंग तुझं लगीन कवा हे?”

बाबांना पुन्हा खोकला आला. पुढचं रखमाजीमामांनी ठरवलं आणि आजींनी मान हलवली. दिवाळीच्या आत माझी कुठे सुपारी फुटली, तर मशीन मानलेल्या लेकीचं आंदण म्हणून जालन्याला पोचतं होणार. नाही फुटली, तर रखमाजीमामा ते ट्रॅक्टरवर घालून मेळ्यात नेणार, कारण मिक्सर त्यांना खरोखर हवा आहे, आणि मूग अजून कानातून निघतो आहे (ऐकलेलं).

घरी आल्यावर बाबांनी हे आईला सांगितलं, म्हणून ती रागावली आहे. मशीनपायी मी दुसरी आई करून आले, असं तिचं म्हणणं. ती दुसरी आजी आहे, आई नव्हे, हे मी समजावलं, त्याने काही सुधारलं नाही. बाबा मात्र जेवताना म्हणाले की तीस वर्षं धुळीत चालून तापत नाही, म्हणजे मोटार पक्की आहे. मामा, तुम्ही ती एकदा ऐकायला हवी.

असो, फार लांबलं. मामींना पापडाच्या लाट्या पाठवल्याबद्दल धन्यवाद सांगावेत. काही कमीजास्त लिहिलं असेल तर माफ करून मला लगेच उत्तर लिहावं. लगेच म्हणजे खरोखर लगेच.

तुमची भाची
इंद्रायणी

ता. क. पितृपक्ष चालू असल्याने मुख्य मजकूर पत्रात घेतला नाही. हा भाग घटस्थापना झाल्यावर वाचावा. (वाचून झाला असल्यास तोवर मनात आणू नये.) चैत्रात तुम्ही अंबडचं जे स्थळ आणलं होतं, बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला असलेले, ज्यांना मी तीन ओळींत नकार कळवला, त्यांचं दुसरीकडे कुठे जमलं आहे का? नसल्यास पुन्हा विचारावं. सुपारी दिवाळीच्या आत हवी. लग्न तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या सोयीने कधीही, त्याची मला घाई नाही.

ता. क. दुसरा. त्यांना आठ मशीनांचं आणि येणाऱ्या नवव्याचं स्पष्ट सांगावं. काही झाकून ठेवू नये. एक कोरडी खोली लागेल. ऐकून ते नको म्हणाले तर आग्रह करू नये.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून उघडलं. वरचं वाचून कुणालाही वाटेल की मी मशीनसाठी लग्नाला उभी राहिले आहे. माझाही दोन दिवस तसाच समज होता. पण चैत्रात ते आले तेव्हा आईने मशीनांवर चादर टाकली होती. थोरली माणसं बोलत होती. त्यांनी चादरीचा कोपरा हळूच उचलून आत पाहिलं आणि मला विचारलं, मोटारीत झिजतात ते कार्बन यांना कुठले बसतात? आजवर मला हे कुणी विचारलेलं नव्हतं. मी इतकी घाबरले की “माहीत नाही” म्हणाले. मामा, मी खोटं बोलले. पहिल्याच प्रश्नाला. अशा तोंडाने त्या घरी कसं जायचं म्हणून नकार लिहिला. तेव्हा मशीन मेळ्यात फुटलं तरी त्यांना विचारावंच. आणि दुसरं काही बोलण्याआधी सांगावं की पंपाच्या छोट्या मोटारीचे कार्बन पॉलिश कागदावर जरा घासून घेतले की बरोबर बसतात, आणि ती हे तेव्हाही जाणत होती.