आगाऊ इलेक्ट्रॉन आणि लिंबाचा केक

रॉचेस्टर, मार्चमधला (तरी बर्फातलाच) रविवार

प्रिय थेल्मा मावशी,

तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधीच करून घेते, कारण पुढे मला राग येणार आहे. फार दुखत असतील तर आमच्या हालवर्सनसाहेबांना एकदा भेट, गुडघे विसरशील.

तुला ठाऊक आहेच, आम्ही मोहरीएवढ्या गोळीवर चहूबाजूंनी लेसर मारतो. आतलं गोठवलेलं इंधन इतकं चेपायचं की ते पेटलं पाहिजे. थंड असलं की ते मुकाट दबतं, तापलं की उलट अंगावर येतं. पण लेसर फार जोरात मारला की काही इलेक्ट्रॉन पिसाळतात आणि दाब पोचायच्या आत पुढे धावून इंधन तापवून ठेवतात. (लग्न लागायच्या आत जेवायला बसणारे तुझे दीर आठव.) हिवाळाभर मी हेच सांगतेय. साहेबांनी संगणकावरच्या गणितातून हे इलेक्ट्रॉन वगळूनच टाकलेत, कारण ते आले की उत्तर वाईट येतं! अशांना आमच्याकडे गटप्रमुख करतात.

मंगळवारी पूर्ण जोर लावला. शॉटच्या, म्हणजे लेसर डागायच्या, आधी आमच्याकडे कुणी गोड खात नाही, अपशकुन मानतात. हे महाशय डोनट चावत उभे. इंधन अर्धंसुद्धा दबलं नाही. माझ्या क्ष-किरण मापकावर इलेक्ट्रॉनांचा नुसता धुमाकूळ.

साहेब बोटांची साखर चाटत म्हणाले, "मार्लिस, तुझा मापकच घाबरट आहे. अजून जोर लावू."

"कशाला? अजून तापवायला?"

"तू तापू नकोस."

मी तापले. आता गुरुवारचा माझा शॉट, या वर्षातला शेवटचा, तोही साहेब हिसकावणार. त्यात जोर कमी होता आणि गोळीच्या कवचात सिलिकॉनचा पातळ थर, म्हणजे ते उनाड इलेक्ट्रॉन आत पोचणारच नाहीत. असल्या दगडाच्या हाताखाली मी राहणार नाही. राजीनामा लिहिलाय.

तुझी संतापलेली भाची,
मार्लिस

ता. क. राजीनामा फाडला. आत्ताच साहेबांचा फोन आला. गुरुवार माझाच. सिलिकॉनच्या थराची कल्पना म्हणे त्यांना आंघोळ करताना सुचली! मी म्हटलं, "वा, कमाल केलीत!" (जीभ अजून दुखतेय.)

आणखी एक. गुरुवारपर्यंत त्यांचं डोकं थंड राहायला हवं. आधीच तापलं तर सगळं मुसळ केरात. म्हणून बुधवारी तुझा लिंबाचा केक पाठव. वर ठळक अक्षरांत त्यांचंच नाव काढ. सुरी मात्र पाठवू नकोस. शॉट झाल्याशिवाय कापायचा नाही.