दुसऱ्या पिकअपची जोडणी

अण्णा, तुमच्यावर माझा संशय होता. तुम्ही गेल्यावरही तो गेला नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही सातपूरच्या कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग करायचात आणि मी कॉलेज सुटलं की ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायला जायचे. ते तुम्हाला खुपायचं. "पोरीच्या जातीनं येवल्याला, इगतपुरीला कार्यक्रम करत हिंडायचं का?" हे तुम्ही आईला विचारायचात, मला कधीच नाही. आणि मग एका रविवारी स्वतःहून गिटार मागितलीत. तारांची कंपनं टिपणारा तिचा एकुलता पिकअप मलूल झाला होता. तुम्ही त्याच्या जोडीला दुसरा आणला होता, मला भेट म्हणून. स्वयंपाकघराच्या ओट्यावर गिटार आडवी ठेवून तुम्ही लाकूड कोरताय, सोल्डरचा धूर कढीच्या वासात मिसळतोय, आणि मी दारात उभी राहून विचार करतेय, ही माया आजच कुठून आली?

दुसऱ्या दिवशी तालमीत दोन्ही पिकअपचा आवाज पूर्ण सोडला आणि खर्जच गायब. एकेकटा वाजवला तर ठीक. दोन्ही एकत्र आले की आवाज पातळ, नाकात बोलल्यासारखा. ऑर्केस्ट्राचे चालक हसून म्हणाले, "ताई, बेस वाजवताय की मेंडोलिन?" चार तालमींनंतर त्यांनी दुसरा वादक घेतला. मी घरी येऊन ओरडले, "तुम्ही मुद्दाम केलंत!" तुम्ही एवढंच म्हणालात, "आण इकडे, परत उघडून बघतो." मी म्हटलं, "आता हातसुद्धा लावू नका." गिटार माळ्यावर गेली. तुमच्याशी बोलणं कामापुरतं उरलं, ते शेवटपर्यंत.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी ती एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्यानं उघडून दाखवलं, "नव्या पिकअपच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. दोघं एकमेकांचा आवाज मारतात." मला वाटलं, सापडलात. जन्मभर मोटारींची टोकं जुळवणारा माणूस दोन वायरींत चुकेल?

तसंच आईला जाऊन सुनावलं. ती निवडायची भाजी बाजूला ठेवून म्हणाली, "अगं, त्या वर्षी मोतीबिंदू होता त्यांना. कामावरून काढतील म्हणून कुणाला कळू दिलं नाही. रंग ओळखायला मला बोलवायचे." मी तिच्यावरही विश्वास ठेवला नाही. ती कायम तुमचीच बाजू घेते.

हे पत्र आईच्या हाती लागू नये म्हणून ऑफिसात बसून लिहिलं, आणि इथेच फाडणार आहे. कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. त्या रविवारी ती देवळात गेली होती. तुम्ही मला हाक मारलीत, "जरा इकडे ये, यातली लाल कुठली ते बघ." मी दारातून हलले नाही. न बघताच म्हणाले, "वरची."