प्रितमनं काय फोडलं

पुणे, १० डिसेंबर २०२४

ती. द्वारकामावशीस,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून नमुन्यांच्या रिकाम्या पेटीबरोबर हे पत्र पाठवते आहे. तिळाची चटणी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी मिळून फस्त केली.

आता भांडण. लहान मुलांना न्यूमोनिया कोणत्या जंतूंमुळे होतो, ते आम्ही शोधतो आहोत. त्यासाठी आमची बेबीनंदा दर सोमवारी तुमच्या गावात घरोघर मुलांची तब्येत विचारते, नाकातला नमुना घेते. तू मला लिहितेस, नातू प्रितम दिवसभर वासरामागे पळतो. बेबीनंदाला मात्र सांगतेस, मलूल हाय, खात न्हाई. सगळं गाव हेच सांगतं आणि नमुने स्वच्छ निघतात. आमचे सर गाव वगळायचं म्हणतात. मला भीती वेगळीच आहे. या घोळात खरंच आजारी पडलेलं मूल आम्हाला कळणारच नाही. खरं काय ते लिही.

तुझी,
वंदना

वडगाव, ता. मंठा, १४ डिसेंबर

चि. वंदनास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तूर काढणीला आली.

शिकलीस आणि माहेर विसरलीस का गं? दारात येऊन कुणी लेकराची तब्येत विचारली, तर गुटगुटीत आहे असं कोण सांगतं? दृष्ट लागते. तुझी आई तुला सुकत चालली म्हणायची, आणि तू पाळण्यात मावत नव्हतीस. शेजारची मैमूनाही तिच्या नाजियाबद्दल तेच सांगते, नजर लगती म्हणते. खोटं बोलायचं कुणाच्या मनात नाही. पण प्रितम खरंच मलूल झाला तर काय सांगायचं, याचा आता मलाच घोर लागला आहे.

सरांना म्हणावं, गावावर रुसू नका. माया असू दे.

तुझी मावशी,
द्वारका

पुणे, १७ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न.

आधी हसले, मग स्वतःचीच लाज वाटली. पाळण्याचं सरांना सांगितलेलं नाही. आता बेबीनंदा तब्येत विचारणारच नाही. लेकरानं काय फोडलं, काय सांडलं, एवढंच विचारेल. गाऱ्हाण्याला तर दृष्ट लागत नाही ना? सरांनी महिनाभर थांबायचं कबूल केलं आहे.

तुझी,
वंदना

वडगाव, ४ जानेवारी २०२५

चि. वंदनास अनेक आशीर्वाद.

गाऱ्हाणी सांगायला गाव नुसतं टपलेलं होतं. नाजियानं बापाचा मोबाइल हौदात टाकला, हे बेबीनंदाला तीन घरांतून कळलं.

गेल्या सोमवारी ती आमच्याकडे आली. सूनबाई सांगायला गेली आणि थांबली. शनिवारपासून प्रितमनं काहीच फोडलं नव्हतं. वासराकडंही गेला नव्हता. आम्हाला वाटलं, शहाणा झाला. बेबीनंदानं त्याचा सदरा वर करून श्वास मोजला आणि तशीच गाडीत घालून त्याला जालन्याला नेलं. न्यूमोनियाच निघाला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं, वेळेवर आणलं. वंदना, मी फार घाबरले होते. काल त्याला घरी आणलं तेव्हा कुठं रडू आलं.

चटणी पाठवते. सरांनाही दे. करतेस तसाच लोभ करत राहा.

तुझी मावशी,
द्वारका

ता. क. प्रितम आता कसा आहे, ते लिहायचं राहिलं. बारीकच आहे गं, काही खात नाही. आज सकाळी दोन बशा फोडल्या.