नवी गुंजी

१० नोव्हेंबर २००३, सोमवार

लागला! माझा पहिला एपिसोड आज लागला आणि मी आत्ता मोरीत जाऊन तोंड धुऊन आलेय, म्हणजे आईला वाटावं की साबण गेला डोळ्यांत.

सांगायचं ठरलंच होतं. आबांच्या शेजारी बसायचं, गुंजी बोलायला लागली की हळूच विचारायचं, "आबा, आवाज कुणाचा?" पुण्याला ऑफिसात टायपिंग करते असं सांगितलंय घरी. खरं काय ते फक्त आईला माहीत आहे. आबांसाठी मुद्दाम राखून ठेवलं होतं. डोळे गेल्यापासून त्यांना संध्याकाळची ही गुंजीच काय ती उरली आहे. कार्टून परदेशातलं, मराठी आवाज इथं पुण्यात भरतात; आधी दुसऱ्या बाईंचा होता, आता माझा. सोनेरी केसांची, बूट घातलेली पोरगी मेंढरं राखते आणि मराठीत अशी बोलते की आबा मांडीवर थाप मारून हसतात. म्हणजे हसायचे.

आज गल्लीतली पोरं नेहमीसारखी आमच्या घरात जमली. गुंजीनं तोंड उघडलं. आबांनी मान तिरकी केली.

"ही कोन बया? गुंजी न्हाई ही."

मग शेवटी ती मेंढरांना हाक मारते ना, तिथं माझ्या स्क्रिप्टमध्ये होतं, "या, या, सगळ्यांनी लवकर या!" मी तसंच म्हटलं होतं, अगदी गोड. आबा म्हणाले, "मेंढरं बोलवती का शाळंतली हजेरी घेती? ही शिकल्याली बाई हाय. मेंढरात कवा गेली न्हाई."

पोरं खदाखदा हसली. मीसुद्धा हसले. काय करणार?

११ नोव्हेंबर

आज आबा टीव्हीकडे पाठ करून बसले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

केबलवाल्या पोपटच्या ऑफिसवर पोरांचा मोर्चा! शाळा सुटल्यावर दप्तरांसकट. "जुनी गुंजी आणा, न्हाईतर केबल काढा!" पोपट बिचारा हात जोडून, "आरं बाबांनो, मी काय घशात बसतो व्हय तिच्या?" मी भाजीची पिशवी घेऊन समोरून चालले होते. एका चिमुरडीनं मलाही ओरडायला लावलं. ओरडले. माझ्याच नावानं.

स्टुडिओतही फोन येतात म्हणे. वरवंडहून, कोरेगाव भीमाहून, पार सोलापूरकडूनही. रांजणगावच्या कामगारांनी कंपनीच्या बसमध्ये बसून सह्या केल्या आणि पाठवल्या. एकानं हिंदीत लिहिलंय, मराठी नीट समजत नाही, पण नवी नको!

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज सगळ्यात वाईट. पोरांनी युक्ती काढली आहे. गुंजी लागली की टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि त्यांच्यातल्या एकीनं गुंजीचं बोलायचं. मनाला येईल ते. "आरं ए बोकडा, कुठं निघालास? मार खाशील!" आबा हसले! दहा दिवसांनी हसले.

मी ताटं घासत होते. आई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सांगून टाक की त्यास्नी." मी म्हटलं, काय सांगू? की तुम्ही जिचा आवाज बंद करायला लावता ती तुमचीच लेक आहे?

शिरूरच्या हॉस्टेलमध्ये मी नवीन होते तेव्हा 'आहे'ऐवजी 'हाय' म्हटलं की मुली दिवसभर 'हाय हाय' करत मागे फिरायच्या. आबांनीच घातलं होतं तिथं, मेंढरामागं पोरीचे पाय झिजू नयेत म्हणून. मी जीभ घासून घासून स्वच्छ केली. त्या स्वच्छ जिभेवर हे काम मिळालं. आणि आता सगळ्यांना ती मळकीच हवी आहे. चीड येते. कुणाची ते कळत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

स्टुडिओत सर म्हणाले, "पूनम, शुद्ध बोलायचा प्रयोग फसला आपला. तुझ्या घरची भाषा तीच ना? मग बोल की तशी!" जणू नळ आहे, फिरवला की आला.

बोलले. ऐकलं परत. शी! नाटकात खेडवळ मोलकरीण करतात ना, तशी वाटले. आणि हाक तर येतच नाही. धनगराची पोर, आणि मेंढरांची हाक येत नाही!

संध्याकाळी आबांना सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "आबा, तुम्ही मेंढरांना कसं बोलवायचा? करून दाखवा ना." त्यांनी काठी चाचपून जवळ ओढली. मग म्हणाले, "कळप इकला त्याला किती साल झाली. मेंढरं न्हाईत तर हाक कुनाला मारू, बाळा?"

पुन्हा विचारायची हिंमत नाही झाली.

३० नोव्हेंबर, रविवार

दौंडला जाऊन आले. जुन्या गुंजीकडे. करुणाताईंचा पत्ता स्टुडिओतल्या शिपायानं दिला. स्टेशनपलीकडे घर, अंगणात बालवाडीची पोरं खेळतात तो घसरगुंडीचा सांगाडा. मला वाटलं होतं हाकलून देतील. दिलं असतं तरी बरं वाटलं असतं.

चहा दिला. म्हणाल्या, "मला सांगितलं, ताई, जरा शुद्ध बोला. बोलले की. तर म्हणाले, आता मजा न्हाई. म्हंजी ऐकलं तरी गेले, न्हाई ऐकलं तरी जानारच हुते." आणि हसल्या. तोच आवाज! गुंजीच समोर बसून चहा पीत होती. मला रडू फुटलं. कसं थांबवावं कळेना.

हाक कुठं शिकलात, विचारलं. माहेर वरवंडचं. धनगर खतासाठी त्यांच्या रानात मेंढरं बसवायचे, तेव्हा लहानग्या करुणाताई त्या धनगरांच्या मागं मागं फिरायच्या. ओठ सैल सोडून 'र्रर्र' फुंकायचं आणि शेवट वर उचलायचा. माझे ओठ फडफडेनात, नुसती थुंकी उडत होती! त्यांनी माझे गाल दोन्ही हातांनी धरले. "घाबरून मेंढरू येत न्हाई. मायेनं बोलाव." किती वेळ बसलो. शेवटी आली.

निघताना विचारलं, मला का शिकवलंत? "पोरं टीव्हीचा आवाज बंद करून बसल्यात म्हनतीस ना. मग? पर एक सांगते. आपली भाषा बोलताना लाजू नगं. ऐकणाऱ्याला कळतं ते."

२ डिसेंबर, मंगळवार

रेकॉर्डिंग झालं. एकदाही अडखळले नाही. हाक मारली तेव्हा काचेपलीकडचे सगळे उभे राहिले. लाज वाटली नाही. खरंच नाही!

सरांना म्हटलं, करुणाताईंनाच परत बोलवा ना. ते म्हणाले, "आता कशाला? तू आहेस की."

८ डिसेंबर, सोमवार

एपिसोडच्या आधी खाली पट्टी फिरली: तुमच्या आग्रहास्तव, जुनी गुंजी परत!

जुनी?? मला कुणी सांगितलंही नव्हतं. पोरांनी आवाज चालू केला. गुंजी बोलली, हाक मारली. पोरं नाचायला लागली. आबांनी मांडीवर अशी थाप मारली की बाजूची वाटी कलंडली. "आली! आली बघ माझी गुंजी! मी म्हनलं न्हवतं, ही खरी मेंढरातली पोर हाय!"

माझा आवाज. आबांच्या तोंडून 'माझी गुंजी'. दहा वेळा ऐकावंसं वाटलं आणि कान झाकून घ्यावेसेही वाटले. आई चुलीपुढून माझ्याकडे बघत राहिली. आज सांगितलं असतं तर? त्यांची जुनी पुन्हा गेली असती. हा विचार केला आणि गप्प बसले.

९ डिसेंबर

एसटीडी बूथवरून करुणाताईंना फोन लावला. पट्टीचं माझं काही नाही, हे सांगायला. त्यांनी बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "दौंडातली पोरं आली हुती कालच्याला. पेढं घिऊन. ताई, तुम्ही परत आलात म्हनून."

मग? मी विचारलं.

"घेतलं पेढं. काय सांगू लेकरांना?"

बूथवाला मीटरकडे बघत होता.

१० डिसेंबर, बुधवार

जेवताना आबा मधेच थांबले. "पूनम, त्या नव्या पोरीला काढून टाकली असंल न्हाई गं? लई वंगाळ बोललो मी तिला. कुनाची तर लेक असंल ती बी."

"असंल, आबा," मी म्हटलं.