नऊ भोकांची पानं

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि नंतर बाबांना विचारतेस की पोरगी काय म्हणत होती, म्हणून हे पत्र. तुझ्या बंद पडलेल्या बाइंडिंगच्या दुकानात माझी अकरा यंत्रं छान बसली. कटिंग मशीनसाठी तू भांडून घेतलेली विजेची जाड लाइन उपयोगी पडली. वरच्या मजल्यावर बाबांना वाटतं की खाली अकरा मिक्सर एकदम चालू आहेत. कानात घालायला कापूस दिला आहे.

तू विचारलंस, खाणकाम म्हणता तर माती कुठे आहे. माती नाही, संगणकांवर ठेवलेली वही आहे, आणि नाणीही संगणकातलीच. कुणी कुणाला किती नाणी दिली ते तीत लिहिलेलं असतं. मालक कुणी नाही, नक्कल शेकडो लोकांकडे असते. नवं पान जोडायचं तर त्याला शिक्का लागतो. पानावरचा मजकूर, मागच्या पानाचा शिक्का आणि आपण मनानेच घातलेला एक आकडा असं सगळं एकत्र दळलं की शिक्का निघतो, पण त्याच्या सुरुवातीला ठरल्याइतकी शून्यं आली तरच तो चालतो. कुठल्या आकड्याने ती येतील हे ब्रह्मदेवालाही माहीत नसतं. म्हणून आकडा घाल, दळ, बघ, फेकून दे, हेच माझी यंत्रं दिवसभर करतात. ज्याचं आधी जुळेल त्याचं पान लागतं आणि त्याला नवी नाणी मिळतात. शिक्का खरा आहे का, हे मात्र कुणीही चुटकीसरशी तपासू शकतं.

आता कुणी मागचं पान गुपचूप बदललं, तर त्याचा शिक्का बिघडतो, म्हणून पुढच्याचा बिघडतो, त्याच्याही पुढच्याचा. सगळं दळण पुन्हा दळायचं, आणि तोवर बाकीचे पुढे पानं जोडतच असतात. जिच्यात जास्त मेहनत ओतलेली आहे तीच वही सगळे खरी मानतात. बाबांच्या मते ही वीज जाळायची नवी तऱ्हा आहे. त्यांना काय उत्तर देऊ?

गुडघ्याला जप. लोभ आहेच, तो तसाच ठेव.

तुझी,
भिंगरी

—

११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून आणि तिसऱ्यांदा कागद पेन्सिल घेऊन. तुझ्या बापाला सांग की लहानपणी तो अख्खी दुपार पतंगाचा गुंता सोडवत बसायचा, तेव्हा वेळ वाया जातो असं मी म्हटलं नव्हतं.

तुझी वही मला कळली. आम्हीही एक पान दुसऱ्यात अडकवूनच शिवायचो. फक्त एक शंका आहे. बाकी सगळ्यांचे मिळून जेवढे हात आहेत त्याहून जास्त हात एकट्याकडेच असले तर? मग तो मागची पानं पुन्हा दळून तुम्हाला गाठेल की नाही? तू म्हणशील म्हातारी फाटे फोडते. पण मला एकदा एक पान बदलायला चाळीस मिनिटं लागली होती, म्हणून विचारते. ते कधीतरी सांगेन.

दुकानाच्या मागच्या खिडकीची कडी ढिली आहे, दोरीने बांध. तब्येत सांभाळ, माझी काळजी लिफ्ट घेते.

तुझी,
आत्या

—

२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शंकेला मी मनात हसले होते. आता कान पकडते.

आमचं चलन अगदी लहान. त्यातल्या दळणाचे शंभर भाग धरले तर सेहेचाळीस एकट्या गोदामवाल्याचे आहेत, त्याने अख्खं गोदाम यंत्रांनी भरलं आहे. माझे आणि माझ्या दोन मैत्रिणींचे मिळून सहा. तो काल दुकानात आला. गुरुवारी सहा तासांसाठी आमची यंत्रं त्याच्या हवाली करायची, बदल्यात वर्षभराची कमाई, असं म्हणाला. कशासाठी ते त्याने लपवलंसुद्धा नाही. त्याने सायकलवाल्याकडून, छापखानेवालीकडून, अशा बऱ्याच लहान लोकांकडून ह्याच नाण्यांत माल उचलला आहे. आता ती नाणी दिल्याची पानं त्याला वहीतून नाहीशी करायची आहेत. बावन्न भाग हाती आले की ते जमतं. नाही म्हटलंत तर मीच हे चलन मोडीत काढीन, मग तुमच्या यंत्रांवर कपडे वाळत घाला, असंही म्हणाला.

मैत्रिणी म्हणतात, तू ठरव. बाबा म्हणतात, घे आणि मोकळी हो, तू नाही केलंस तर दुसरं कुणी करेल. मला नाही म्हणायचं आहे, पण एकटीने म्हणवत नाही. जागा तुझी, म्हणून तुला विचारते. बुधवारच्या आत लिही.

रागावलीस तरी चालेल, लोभ कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

—

५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बापाला दाखवलंस तरी चालेल.

एकोणतीस वर्षांपूर्वी वसाहतीच्या कचेरीतला हेडक्लार्क खोल्यावाटपाची वही घेऊन दुकानात आला. तुझ्या आजोबांनी शिवलेली वही. ते तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यातला एक कागद काढून त्याने लिहून आणलेला घालायचा होता. कचेरीच्या वह्यांवरच आमचं घर चालायचं. मी नाही केलं तर दुसरं कुणी करेल, असं तोही म्हणाला, अगदी ह्याच शब्दांत. मी दोरा उसवला, कागद बदलला, पुन्हा शिवलं. चाळीस मिनिटं, मध्ये एक चहा. शिवणवाल्या बाईंच्या नावावरची खोली त्याच्या मेव्हण्याची झाली. त्या बाई आजही जिन्याखाली मशीन मांडून बसतात, आणि मी त्यांच्याकडून उशांचे अभ्रे शिवून घेत आले. एकदाही नजर वर केली नाही.

मला सगळ्यात काय झोंबतं सांगू? ते किती सोपं होतं. त्या पानाला माझ्या चाळीस मिनिटांऐवजी शंभर माणसांचे शंभर दिवस लागले असते, तर माझ्यासारख्या भित्र्या बाईच्या हातून ते झालंच नसतं. तुझी वीज कुठे जाते ते बापाला आता सांग.

यंत्रं द्यायची नाहीत. जळली तर जळू देत. दुकान माझं आहे, आणि त्या दुकानात एकदा पान बदललं गेलं तेवढं पुरे.

तुझी,
आत्या

—

१० एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नाही म्हणाले. तोंडावर. 

गुरुवारी सकाळी दहाला पानं पडायचा वेग एकदम जवळजवळ अर्ध्यावर आला. म्हणजे गोदामवाला आमच्यातून उठून एकटाच आपली चोरटी वही दळायला बसला होता. आम्ही चोपन्न, तो सेहेचाळीस. फरक इतका थोडा की नशिबाने तो पुढे गेलाही असता. आमच्यातलं एकही यंत्र थांबून चालणार नव्हतं. दुपारी दुकान तव्यासारखं तापलं, मोठा पंखा बसला, दोन यंत्रांतून धूर आला. बाबा धडधडत खाली उतरले. मला वाटलं मेन स्विच पाडणार. त्यांनी घरातले दोन्ही पंखे आणून लावले आणि चार तास ओली चादर खिडकीवर धरून उभे राहिले. तुझं पत्र त्यांनी वाचलं होतं, एवढंच सांगते.

चारच्या सुमाराला वेग पूर्ववत झाला. तो हरला आणि मुकाट परत येऊन बसला. त्या लोकांची सगळी पानं जागेवर आहेत. दोन यंत्रं गेली. नऊ आहेत.

आत्या, तुझ्या त्या पानाचं आता काहीच करता येणार नाही का?

तुझी,
भिंगरी

—

२१ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

येतं. हे पत्र वसाहतीच्या कचेरीतल्या बाकावर बसून लिहिते आहे.

आजोबा चार भोकांची शिवण घालायचे. मी आयुष्यभर पाच. त्या दिवशी घाईत हात आपल्या सवयीने गेला आणि मी पाच टोचली. म्हणजे एकत्र शिवलेल्या त्या जुडीतल्या जुन्या प्रत्येक कागदाला नऊ भोकं असणार, चार त्यांची रिकामी आणि पाच माझ्या दोऱ्याची. घुसवलेल्या कागदाला नुसती पाच. वही कपाटात आहे तोवर हे कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. इतकी वर्षं ह्या चुकीची मला धास्ती होती.

काय केलं ते सगळं लिहून सही केली. एकच प्रत दिली असती तर ती ह्या कचेरीवाल्यांनी हरवली असती. म्हणून चाळीस काढल्या आणि वसाहतीतल्या चाळीस दारांत नेऊन दिल्या. पहिली शिवणवाल्या बाईंना. त्यांनी वाचली आणि मशीनवर झाकण घातलं. मग म्हणाल्या की माफी नंतर बघू, आधी कचेरीत चला.

साहेब सकाळी जागेवर नव्हते, मग मीटिंगला होते, मग माझं वय काढून म्हणाले की ह्यात तुम्हीच अडकाल. म्हटलं, अडकायलाच आले आहे, वही काढा. माझ्या एका बाजूला त्या बाई बसल्या आहेत, दुसऱ्या बाजूला तुझा बाप, मांडीवर डबा घेऊन. घराण्याचं नाव जाईल असं तो परवापर्यंत म्हणत होता. आज आल्याआल्या साहेबांना म्हणाला की वही शिवली ती माझ्याच वडिलांनी.

आत्ता कपाट उघडलं. वही टेबलावर आली आहे आणि त्या बाई उठून एका जुन्या पानाची भोकं मोठ्याने मोजताहेत. सातपर्यंत आल्या आहेत. थांबते, मलाही उठायला हवं.

तुझी,
आत्या