मायक्रोफोनचं तोंड कोणीकडे

प्रिय मेहुणेबुवांस,

तुमच्या भाऊजींचा नमस्कार. ('सप्रेम' लिहायला घेतलं होतं, पण पेन पुढे सरकेना. तेव्हा नुसताच घ्या.) इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण क्षेम वगैरे काही नाही. डोकं तापलंय, कंबर धरलीय आणि घसा बसलाय. तुमची पाठ कशी आहे? तुमच्या सौभाग्यवतींचा गुडघा? धाकट्याची परीक्षा? (यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर फोनवर देऊ नका. फोनचा विषय पुढे येणारच आहे.) तुम्ही वयाने लहान असलात तरी बायकोचे भाऊ, म्हणून आजवर तुम्हाला कधी उलट शब्द बोललो नाही. आज बोलणार आहे. नीट बसून वाचा.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण चिडलेला माणूस पहिल्यापासून सांगतो, म्हणून सांगतो. मी आयुष्यभर बसस्थानकावर घोषणा केल्या. माझ्या आवाजावर गाड्या सुटल्या, माझ्या आवाजावर माणसं अर्धा कप चहा तसाच टाकून धावली. मग वरच्या साहेबांनी तिथे एक यंत्र आणून बसवलं. त्यात एक बाई बोलते. तिला सर्दी होत नाही, तिला रजा लागत नाही, आणि गाडी उशिरा आली तर तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. मला निरोपाला एक घड्याळ देऊन (घड्याळ! मला!) घरी बसवलं. तेव्हापासून माझा आवाज कोणाला लागेना. घरात तरी बोलणार काय? तुमची ताई समोरच असते, ती कुठल्या फलाटावर उभी आहे हे तिला ओरडून सांगावं लागत नाही. अशात कळलं, की बोलती पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीला वाचक हवेत. घरीच एका खोलीत वाचायचं, यंत्रावर घ्यायचं, आधी एक नमुना पाठवायचा. मी म्हटलं, चला, अजून कोणीतरी आपल्याला ऐकेल. तेवढंच पाहिजे होतं मला, मेहुणेबुवा, जास्त काही नाही. आणि नेमके तिथे तुम्ही टपकलात.

तुम्ही विमा कंपनीत आहात. तुमचा आणि आवाजाचा संबंध जेवताना येतो तेवढाच. पण मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले की तुम्ही त्या विषयातले जाणकार होता. (आमच्या नळाचंही तुम्ही असंच केलं होतं. नळ छान दिसतो. पाणी बादलीने आणतो.) मला हवा होता साधा दांड्याचा माईक. हातात धरायचा, वर दोन टिचक्या मारायच्या, तोंडाशी न्यायचा, बोलायचं. तुमचा हट्ट, की नाही भाऊजी, स्टुडिओतला जाडाच घ्या. दुकानदार तुमचाच सख्खा भाऊ शोभला असता. म्हणे, साहेब, हा कुजबुजसुद्धा सोडत नाही. मी म्हटलं, मला कुजबुजायचं नाहीये, मला वाचायचंय. तर हसला. तरी घेतला, कारण तुम्ही फोनवर होतात, तुमची ताई शेजारी उभी होती, आणि तिच्या भावाचा शब्द मोडला की घरी काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. माईक घरी आणला. पुढच्या बाजूला कंपनीचं नाव, सोनेरी अक्षरांत. एवढी किमती वस्तू, तर मी ती टेबलावर अशी लावली की नाव दाराकडे यावं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं. आपण टीव्ही काय भिंतीकडे तोंड करून ठेवतो? शोभेची बाजू पाहुण्यांकडे, आपली बाजू आपल्याकडे. आमच्या घरात घड्याळापासून फुलदाणीपर्यंत सगळं असंच आहे. (हे ध्यानात ठेवा.)

मग फर्निचर. घरात काचेचं टेबल होतं, ते तुम्ही बाद केलंत, त्यावरून आवाज उडतो म्हणून. सुताराकडून लाकडी करून घेतलं. त्याने न विचारता खाली एक खण बसवला. मी जरा खर्जात गेलो की तो खण घुमायचा, जसं काही आत कोणीतरी बसून हुंकार देतंय. सुताराला बोलावलं, समोर वाचून दाखवलं, खण घुमला. तर हा गृहस्थ मला शांतपणे सांगतो, साहेब, तुम्ही जरा वरच्या पट्टीत बोलून बघा. म्हणजे टेबल याने बिघडवायचं आणि आवाज मी सुधारायचा! खण काढून दिलाय त्याच्या हातात. त्या भोकातून आता माझे गुडघे दिसतात.

खुर्चीची कथा तर सांगू नये अशी. तुमचा आदेश, की खुर्ची अजिबात करकरता कामा नये आणि खोलीत खुर्ची एकच ठेवायची, कारण दुसरी खुर्ची ठेवली की दुसरा माणूस येतो आणि श्वास घेतो. (काय पण माणूस आहात!) मी फर्निचरच्या दुकानात गेलो आणि एकेका खुर्चीवर बसून, डोळे मिटून, डावीकडे-उजवीकडे हललो. काहींच्या बैठकीला खाली वाकून कान लावला. दुकानातली बाई घाबरून मालकाला घेऊन आली. मालकाने अत्यंत प्रेमाने विचारलं, काका, घरचं कोणी सोबत आहे का? तशात एक मुकी खुर्ची सापडली, घरी आणली, पहिल्याच वाक्याला करकरली. दुकानात गालिचा होता, आमच्याकडे फरशी आहे, हे तुमच्या व्हिडिओत नव्हतं वाटतं. शेवटी तुमच्या ताईचं इस्त्रीचं टेबल उंच करून त्यावर कागद आणि माईक (नाव दाराकडेच) ठेवले आणि उभ्याने वाचायला लागलो. भिंतींना घरातल्या जाडजूड गाद्या आणि ब्लँकेटं टांगली. तुम्ही पुढच्या वेळी राहायला याल तेव्हा भिंतीला टेकून झोपा.

आता मुद्द्याचं. नमुन्यासाठी त्यांनी एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकातलं वादळाचं पान दिलं होतं. खाली गॅरेज, म्हणून खिडकी बंद. पंखा घरघरतो, म्हणून पंखा बंद. मग गुदमरायला होतं, म्हणून दार उघडं. दारासमोर बोळकांडी आणि बोळकांडीपलीकडे स्वयंपाकघर, जिथे तुमची ताई रोज दुपारी दारातच भाजी निवडत तुमच्याशी फोनवर बोलते. मी बजावलं होतं, की आज महत्त्वाचं काम आहे, तोंडातून चकार शब्द नको. ती म्हणाली, हळू बोलेन. मी वाचायला लागलो. काय वाचलं, मेहुणेबुवा! लाटा अशा उसळल्या, कप्तान असा गरजला, की खालच्या गॅरेजवाल्याने हातोडा थांबवून वर पाहिलं. झालं की लगेच पाठवून दिलं. परत ऐकलं-बिकलं नाही. आमच्या धंद्यात एकदा केलेली घोषणा कोणी परत ऐकत बसत नाही. तोवर गाडी गेलेली असते.

कंपनीतून एका बाईंचा फोन आला. आवाज फार आवडला म्हणाल्या. मी ताठ बसलो. इतका जिवंत, इतका जवळचा, ऐकणाऱ्याच्या कानाशी येऊन बोलणारा आवाज आजवर कोणी पाठवला नव्हता म्हणे. मी म्हटलं, अहो, आयुष्य गेलं त्यात. मग त्यांनी विचारलं:

"त्या बाई तुमच्या कोण लागतात?"

मग मी ते ध्वनिमुद्रण लावलं. माझा कप्तान कुठेतरी विहिरीच्या तळाशी पडून ओरडत होता. आणि त्याच्या वर, स्वच्छ, ठसठशीत, श्वासासकट, देठ मोडल्याच्या आवाजासकट, तुमची ताई! म्हणतेय, ब्लँकेटं सगळी भिंतीला लावलीत, थंडी वाजली की भिंतीला मिठी मारून झोपायचं का. इस्त्रीचं टेबल नेलंय, कपडे आता गुडघ्यावर ठेवून करते. खालून कप्तान म्हणतोय शिडं उतरवा, वरून ही तुम्हाला सांगतेय, काही नाही रे, ते ओरडतायत, ओरडू दे. मला कळेचना हे झालं कसं. तेव्हा कंपनीच्या बाईंनीच समजावलं, की नाव लिहिलेल्या बाजूने हा माईक ऐकतो. मागच्या बाजूने ऐकतच नाही. म्हणजे इतके दिवस मी एका बहिऱ्याच्या पाठीशी आरडाओरडा करत होतो आणि त्याचं तोंड तुमच्या ताईकडे होतं.

चिडून तुमचे जुने मेसेज उघडले. होतं त्यात! 'भाऊजी, नावाची बाजू आपल्या तोंडाकडे.' पण कुठे? वर गुलाबाचं फूल, खाली सुविचार, मग विम्याची जाहिरात, मग झोपलेलं मांजर, आणि मध्ये ती ओळ. खरी गोष्ट अशी सांगतात? मी जर 'शुभ सकाळ, हसत राहा, फलाट बदलला आहे, मांजर बघा' अशी घोषणा केली असती तर अर्धं गाव चुकीच्या गाडीत बसून गेलं असतं.

माईक फिरवून मी पुन्हा नमुना पाठवला. उत्तर आलं, की आवाज दमदार आहे, परंतु ऐकताना सारखं वाटत राहतं की आपली गाडी चुकणार. पुस्तक मला मिळालेलं नाही. एका म्हातारीने आपली सगळी जन्मकथा सांगितलेली जाडजूड कादंबरी त्यांच्याकडे आहे, ती त्यांना तुमच्या ताईच्या आवाजात हवी आहे. हिने आयुष्यात कधी माईक हातात धरला नाही. मला वाईट वाटलं, मेहुणेबुवा. साफ सांगतो, फार वाईट वाटलं. जेवलो नाही.

तरी या सगळ्याला जबाबदार तुम्ही. माईक घेऊन जा, टेबल घेऊन जा, ती करकरणारी खुर्चीही घेऊन जा आणि पुन्हा माझ्या घराला सल्ला देऊ नका. वडीलधाऱ्यांना नमस्कार सांगा, लहानांना आशीर्वाद. तुम्हाला काय द्यावं ते सुचत नाही.

तुमचे,
संतापलेले भाऊजी

ता. क. माईक न्यायला येऊ नका. लागणार आहे. टेबलही राहू दे.

ता. क. २. तुमची ताई आधी नाहीच म्हणत होती. हसत सुटली. मग मला म्हणाली, यंत्रासमोर माझी वाचा बसते, समोर ऐकणारं माणूस असेल तरच मला बोलता येतं. तुम्ही समोर बसा आणि मध्ये तोंड उघडू नका. (मी! तोंड उघडू नको!) तर आता खोलीत दुसरी खुर्ची पाहिजे, आणि ती बिलकूल करकरता कामा नये. तुमच्या हॉलमध्ये फोनजवळ ती शिसवी खुर्ची आहे, जिच्यावर बसून तुम्ही मला हे सगळे सल्ले दिलेत. मागे मी तिच्यावर दिवसभर बसलो होतो, हूं की चूं करत नाही. ती पाठवून द्या. तुम्ही उभ्याने बोललात तर थोडक्यात बोलाल.

ता. क. ३. त्या ध्वनिमुद्रणाचा शेवट वर लिहिला नाही. माझं पान वाचून संपत आलं होतं तेव्हा तुम्ही बहुधा माईक परत करू का असं विचारलं असावं. त्यावर ती तुम्हाला म्हणाली, "नको रे. स्थानकावर ते यंत्र आल्यापासून हे घरात तोंडच उघडत नव्हते. नुसते खिडकीत उभे. घर खायला उठायचं. आता त्या खोलीतून आवाज येतो ना, तर बरं वाटतं. पुस्तक मिळो नाहीतर न मिळो, मी ऐकतेय ना." हे मी परत परत लावून ऐकलं आहे, हे मात्र तिला कळू देऊ नका. कळलं तर ती यापुढे दार लावून तुमच्याशी बोलेल.